जुन्या फोनवर डेस्कटॉप लिनक्स: महिनाभर वापरलं, त्याचा पंचनामा

चर्नीरोड
शनिवार, रात्री ११:५२

मंडळी, गेला महिनाभर माझ्या खिशात डेबियन (डेस्कटॉप लिनक्सची एक आवृत्ती) आहे. थट्टा नाही. घरच्या लॅपटॉपवर जे आहे तेच, सॉफ्टवेअर टाकायच्या 'एप्ट इन्स्टॉल' आज्ञेसकट. मुंबईत आणखी कुणी हे उद्योग करतंय का, म्हणून हा धागा.

फोन पोको एफ१, २०१८ सालचा. लॅमिंग्टन रोडला एका माळ्यावरच्या दुकानात साडेचार हजारांत मिळाला. आधीच्या मालकाने बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम, तो उघडल्याशिवाय दुसरी प्रणाली चढत नाही) उघडून ठेवला होता, त्यामुळे ती कटकट वाचली. हाच फोन का, तर त्यातल्या स्नॅपड्रॅगन ८४५ साठी. या चिपवर मूळ लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) बऱ्यापैकी चालतो, वनप्लस ६ मध्येही हीच चिप आहे. दुकानदाराला मी विचारलं, "आतला डिस्प्ले टियान्माचा आहे की ईबीबीजीचा?" त्याने मान वर केली, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "साहेब, काच फुटलेली नाही, एवढं बघा."

पण प्रश्न रास्त होता. या मॉडेलमध्ये दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे पॅनेल आले. अँड्रॉइडला ते कळतं, आपल्याला आधी कळावं लागतं, कारण मी आधी टाकलेल्या पोस्टमार्केटओएसमध्ये (जुन्या फोनांसाठीचं लिनक्स) दोन्हींची इमेज, म्हणजे फोनवर चढवायची फाइल, वेगळी आहे. मी अर्थातच चुकीची चढवली. स्क्रीन काळीकुट्ट. रात्री एक वाजता मी साडेचार हजारांवर पाणी सोडलं होतं, तेवढ्यात सहज यूएसबी केबल लॅपटॉपला लावली आणि १७२.१६.४२.१ वर एसएसएच केलं, म्हणजे लॅपटॉपवरून फोनच्या आत शिरलो. आत सगळं ठणठणीत! तिरडी बांधून झाल्यावर माणसाने उठून "चहा टाका" म्हणावं, तसं झालं. दुसरी इमेज चढवली आणि उजेड पडला.

आठवडाभराने मोबियनवर आलो. पोस्टमार्केटओएसचा पाया अल्पाइन लिनक्सचा, त्यात ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी (सगळे प्रोग्राम जिच्यावर उभे असतात ती) मसल असतं, त्यामुळे माझी एक-दोन बंद सॉफ्टवेअरं चालेनात. मोबियन म्हणजे सरळ डेबियन. दिसायला फॉश, म्हणजे ग्नोमच्या साहित्यातून फोनसाठी बांधलेलं कवच. स्क्रीन १०८० ठिपके रुंद आहे. मापन तिप्पट ठेवलं की प्रोग्रामला ती ३६० ची वाटते. नव्या धाटणीचे ग्नोम प्रोग्राम तेवढ्या जागेत शहाण्यासारखे घडी घालून बसतात. जुने बसत नाहीत. लिबरऑफिस उघडतं, पण विरार लोकलच्या दारात उभं राहिल्यासारखं अर्धं बाहेर लोंबकळतं.

चालतं ते असं: वायफाय, ब्लूटूथ, टच, ग्राफिक्स (ॲड्रेनोसाठीचा मुक्त ड्रायव्हर फारच छान), फायरफॉक्स, पायथन, गिट, पीडीएफ. चर्नी रोड ते अंधेरी बसायला जागा मिळाली तर मी खरोखर काम करतो.

आणि फोन म्हणून? तिथे बोंब आहे. झोपेत गेला की गजर वाजत नाही. दोनदा ऑफिसला उशीर झाला. कॉल लागतो, पण समोरच्याचा आवाज कधी येतो, कधी नाही. कॅमेरा माझ्याकडे चाललेला नाही. यूपीआय तर विसराच. वडापाव घ्यायला सुट्टे पैसे बाळगणारा आमच्या ऑफिसातला मी शेवटचा इसम.

तर दुसरा फोन आहेच खिशात. बायको म्हणते, "एक फोन चालत नाही म्हणून दुसरा, आणि दुसरा चालतो म्हणून पहिला कशाला?" यावर उत्तर असेल तर तेही द्या.

---

विरारफास्ट
रविवार, सकाळी ८:१०

आमच्या लोकलला नावं ठेवल्याचा निषेध.

बाकी मुद्दा असा, की अँड्रॉइड हेही लिनक्सच ना? मग लिनक्स काढून लिनक्स घालायचं, आणि त्यात कॉल, कॅमेरा, यूपीआय घालवून बसायचं, यात मिळवलं काय? टर्मिनलच हवं तर अँड्रॉइडवर टर्मक्स ॲप आहे की. हघ्या (हलके घ्या).

---

जुनी_वही
रविवार, सकाळी ९:३५

वाखूसा (वाचनखूण साठवली).

माझ्याकडे अजून नोकिया एन९०० आहे. २००९ चा. सरकवलं की खालून कीबोर्ड निघतो, २५६ एमबी रॅम, आणि मेमो नावाची डेबियनच्या वळणाची प्रणाली. एक्सटर्मिनल त्यात पहिल्या दिवसापासून होतं, कुणाची परवानगी न मागता. तेव्हा सगळे म्हणाले, पाच वर्षांत सगळे फोन असेच होतील. झालं काय, ते दिसतंच आहे.

बॅटरी दोनदा बदलली. टूजी अजून चालू असलेल्या नेटवर्कवर फोन लागतो. मुलगा म्हणतो, बाबा, संग्रहालयाला देऊन टाका. त्यावर मेमो लेस्टे म्हणून अजून काम चालू आहे, हे त्याला सांगितलं नाही.

---

मॉडेमवाली
रविवार, दुपारी १२:२०

पवईत एम्बेडेड लिनक्सवर काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

@विरारफास्ट, कर्नलचं म्हणाल तर बरोबर आहे तुमचं. त्याच्या वरचं जवळपास सगळं वेगळं. अँड्रॉइडची सी लायब्ररी बायॉनिक, डेस्कटॉपची ग्लिबसी. खिडक्या रंगवणारं वेगळं, आवाजाचं वेगळं, मॉडेमशी बोलणारं वेगळं. आणि कर्नल तरी कुठे तोच? चिप बनवणारी कंपनी मूळ कर्नलची एक प्रत घेते, त्यात लाखो ओळी घुसडते. मग फोन बनवणारी कंपनी त्या प्रतीची प्रत घेते. धागाकर्त्याचा फोन आला तेव्हा त्यात ४.९ कर्नल होता आणि जन्मभर तोच राहिला. जग ६ वर गेलं. ज्या दिवशी कंपनीने अपडेट थांबवलं, त्या दिवशी धडधाकट प्रोसेसर भंगारात निघाला. हे लोक लिनक्स काढून लिनक्स घालत नाहीयेत, वाळीत टाकलेला फोन पुन्हा गावात आणतायत.

त्याचे दोन रस्ते आहेत. पहिला आडवाटेचा: अँड्रॉइडचे ड्रायव्हर तसेच ठेवायचे आणि मध्ये लिबहायब्रिस नावाचा दुभाषा बसवायचा, म्हणजे ग्लिबसीवाले प्रोग्राम बायॉनिकवाल्या ड्रायव्हरशी बोलू शकतात. उबुंटू टच बहुतेक फोनांवर असंच चालतं. २०१३ मध्ये कॅनॉनिकलने ते गाजावाजा करून आणलं, त्याच वर्षी उबुंटू एजसाठी ३ कोटी २० लाख डॉलर लोकवर्गणीतून मागितले, सव्वा कोटीच्या आसपास अडकलं. २०१७ मध्ये कंपनीने अंग काढून घेतलं आणि यूबीपोर्ट्सच्या लोकांनी ते पोसलं. या रस्त्याने कॅमेरा, कॉल लवकर चालतात. पण कर्नल तोच, म्हाताराच.

दुसरा रस्ता मेनलाइनचा, म्हणजे मूळ कर्नलचा, पोस्टमार्केटओएसचा. तेही २०१७ चंच. फोन दहा वर्षं टिकावा हे त्यांचं ध्येय. इथे प्रत्येक भागासाठी खरा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये घालायचा. पीसीवर हे सोपं जातं, कारण पीसीचं हार्डवेअर विचारलं की स्वतः सांगतं, मी अमुक कार्ड, इथे बसलोय. फोनमधली चिप तोंड उघडत नाही. कुठली पिन कुठे, कुठल्या व्होल्टेजवर, टचचा कंट्रोलर कुठल्या तारेवर, हे सगळं डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलीत माणसाने लिहून द्यावं लागतं. तुमचा काळा पडदा त्यातूनच आला: पॅनेल बदललं आणि वहीत नोंद जुनीच. म्हणून एका चिपवर चाललं तरी त्याच चिपच्या शेजारच्या फोनवर चालेलच असं नाही.

आता कॉल. मॉडेम हा फोनच्या पोटातला स्वतंत्र संगणक आहे, त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बंद आणि सही केलेलं. लिनक्सचा मॉडेममॅनेजर त्याच्याशी क्यूएमआय भाषेत बोलतो, तेवढं चालतं. पण कॉल लागला की आवाज मॉडेमकडून थेट ऑडिओच्या डीएसपीकडे (आवाज हाताळणाऱ्या वेगळ्या चिपकडे) जातो, आणि ती वाट उघडून देणं लिनक्सच्या बाजूने करावं लागतं. तुमचा आवाज तिथे अडकतो. त्यातून व्हीओएलटीई, म्हणजे फोरजीवरून कॉल! जिओ २०१६ पासून निव्वळ फोरजीवर उभं राहिलेलं नेटवर्क, खाली उतरायला टूजी नाही, थ्रीजी नाही. तिथे आयएमएस (असे कॉल जोडणारी नेटवर्कची यंत्रणा) जुळलं नाही तर कॉलच नाही. तुमचं सिम दुसरं असणार, नाहीतर "कधी येतो कधी नाही" इतकंही म्हणाला नसतात.

अवांतर: मेनलाइनमध्ये पाठवलेल्या पॅचवर पहिला शेरा काय येतो, हे मला विचारू नका. आमच्या ऑफिसात त्यावर एक अख्खी दुपार चहा झाला होता.

---

विरारफास्ट
रविवार, दुपारी १:०५

मॉडेमवालीताई, दंडवत. "वाळीत टाकलेला फोन" पटलं. तरी यूपीआय का नाही, ते कुणी सांगा. त्या वेड्रॉइडमध्ये म्हणे अँड्रॉइडची ॲप चालतात?

---

चर्नीरोड
रविवार, दुपारी २:४०

चालतात. वेड्रॉइड म्हणजे एका डब्यात बंद केलेलं अँड्रॉइड, लिनिएज या मुक्त अँड्रॉइडच्या पायावरचं, कर्नल आपलाच. मी त्यात लोकलच्या वेळापत्रकाचं ॲप टाकलंय, झकास चालतं. पण डब्यातल्या अँड्रॉइडला सिम दिसत नाही. यूपीआयला पहिल्याच पायरीवर तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवून फोन आणि नंबरची गाठ मारायची असते. सिमच नाही तर गाठ कशी पडणार? त्यापुढे बँकेची ॲप फोनची अखंडता तपासतात, ते वेगळंच.

मॉडेमवाली, सिमचं अचूक ओळखलंत. आणि कॉल टूजीवर उतरला की बहुधा आवाज येतो, हेही आत्ता तपासलं. आईला सात वेळा फोन केला. आठव्यांदा तिनेच केला आणि विचारलं, "बरा आहेस ना?"

---

अनुस्वार
रविवार, संध्याकाळी ६:१५

सगळं वाचलं, मॉडेम-बिडेम डोक्यावरून गेलं. माझा एकच प्रश्न: त्यावर मराठी लिहिता येतं का? धड मराठी. 'दऱ्या' लिहिलं तर 'दर्या' दिसत असेल, तर मला बाकी काही नको.

---

चर्नीरोड
रविवार, रात्री १०:३०

अनुस्वार, तुम्ही हे विचारणार याची खात्री होती. महिन्यातला सगळ्यात मजेचा भाग हाच, म्हणून निवांत लिहितो.

दिसायची अडचण नाही. डेस्कटॉपवर देवनागरी जोडणारं जे हार्फबझ आहे तेच इथेही आहे, लोहित किंवा नोटोचा फॉन्ट टाकला की जोडाक्षरं नीट. अडचण लिहायची. पडद्यावरचा कीबोर्ड म्हणजे स्क्वीकबोर्ड. तो कंपनीच्या कीबोर्डासारखा हुशार नाही: पुढचा शब्द सुचवत नाही, बोट घसरवून लिहिता येत नाही. पण त्याची रचना ही साधी मजकूर फाइल आहे, यामल पद्धतीची. घरच्या फोल्डरमध्ये आपली फाइल ठेवली की ती तो उचलतो. फक्त तिचं नाव एक्सकेबीतल्या (लिनक्सच्या कीबोर्ड-यादीतल्या) रचनेच्या नावाशी जुळवावं लागतं.

मी आधी इन्स्क्रिप्ट जशीच्या तशी उतरवली. आपटलो. इन्स्क्रिप्ट ही टंकलेखकाच्या रुंद पाटीसाठी. डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं, दोन्ही हातांना आलटून पालटून काम. फोनवर एकाच अंगठ्याने, दुसऱ्या हाताने वरची कडी धरून, कुठले दोन हात? एका ओळीत अकरा कळा बसवल्या तर प्रत्येक कळ तांदळाएवढी. 'मी निघालो' लिहायचं ते 'मी निघालौ' होत होतं.

मग वही घेऊन बसलो आणि गेल्या महिन्यातले माझेच व्हॉट्सॲपचे निरोप मोजले. कुठलं अक्षर किती वेळा? काना सर्वांत पुढे, हे कुणीही सांगेल. पण हलन्त इतका वर येईल असं वाटलं नव्हतं. जोडाक्षराला दर वेळी तो लागतोच. म्हणून काना, वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी मंडळी खालच्या ओळीत, अंगठा पडतो तिथे. व्यंजनं वर तीन ओळींत, वर्गाप्रमाणे: क ख ग घ, च छ ज झ, अशी. बाराखडी पाठ असलेल्याला शोधावं लागत नाही. स्वर दुसऱ्या पानावर, कारण शब्दाच्या सुरुवातीलाच ते लागतात. ळ ला मात्र पहिल्या पानावर स्वतःची कळ. यावर तडजोड नाही.

आता तुमचं 'दऱ्या'. युनिकोडमध्ये ०९३१ क्रमांकाचा नुक्त्याचा ऱ आहे. त्याला हलन्त आणि मग य, की 'ऱ्य' बनतो. साध्या र ला हलन्त दिला तर 'र्य', म्हणजे दर्या, समुद्र. या फाइलीत एका कळेने अख्खी अक्षरमालिका पाठवता येते, म्हणून मी 'ऱ्' ही एकच कळ केली. ती दाबायची, मग य किंवा ह. 'वाऱ्यावर', 'कऱ्हाड', 'आचाऱ्यांना' सगळं लिहून पाहिलं. क्ष आणि ज्ञ यांनाही एकेक कळ दिली.

फाइल कुणाला हवी असेल तर कळवा. कळांचं माप अजून मनासारखं नाही, आणि आडव्या फोनसाठी वेगळी रुंद रचना लागते, ती केलेली नाही.

---

अनुस्वार
सोमवार, सकाळी ७:२०

'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' दोन्ही लिहून पाहणाऱ्या माणसाला माझा एक कटिंग लागू. फाइल पाठवा.

---

सोसायटीचा_वायरमन
सोमवार, सकाळी १०:४८

मी फोन म्हणून वापरायचा नादच सोडला आणि सुखी झालो. घरात रेडमी २ पडला होता, २०१५ चा, स्नॅपड्रॅगन ४१०. एलकेटूएनडी नावाचा दुसरा बूटलोडर त्यात बसतो, मग पोस्टमार्केटओएस. डेस्कटॉपचं कवच टाकलंच नाही, नुसतं एसएसएच. तो आता वायफाय राउटरशेजारी भिंतीला टांगलाय आणि घरभरच्या जाहिराती गाळतो. शिवाय आमच्या बिल्डिंगच्या टाकीच्या पाण्याची पातळी लिहून ठेवतो, सेन्सर वेगळा आहे.

रास्पबेरी पायपेक्षा एक गोष्ट सरस: लाइट गेले तरी बॅटरी आहेच. पण तिथेच धोकाही आहे हो. चोवीस तास चार्जरवर ठेवलेली जुनी बॅटरी फुगते. माझी फुगली होती, मागचं झाकण उचललं गेलं तेव्हा कळलं. या फोनची बॅटरी हाताने निघते म्हणून बदलता आली. ज्याची निघत नाही तो चोवीस तास लावून ठेवू नका, आणि उशी-पडद्याजवळ तर नाहीच.

---

जुनी_वही
सोमवार, दुपारी ४:००

यावरून आठवलं. पाइनफोन कुणी पाहिलाय का? त्याच्या पाठीवरचं झाकण उघडलं की आत बारीक बटणं आहेत: मॉडेम, वायफाय, माइक, कॅमेरे प्रत्यक्ष तोडता येतात. बॅटरीही निघते. २ जीबीवाला १४९ डॉलरचा होता. त्याला डॉक लावून मोठ्या पडद्यावर डेस्कटॉप चालतो. चर्नीरोड, तुमच्या पोकोचं तसं होतं का?

---

मॉडेमवाली
सोमवार, संध्याकाळी ५:२५

काका, पोकोच्या यूएसबी-सीमधून चित्र बाहेर येत नाही, तो आतून यूएसबी २ च आहे. वनप्लस ६ चंही तेच. पाइनफोनमध्ये येतं.

पाइनफोन मी आठवडाभर वापरलाय, मित्राचा. ऑलविनर ए६४ फारच मंद, फायरफॉक्स उघडेपर्यंत दादर जातं. पण त्याची झोप नीट आहे! मुख्य प्रोसेसर गाढ झोपतो, मॉडेम जागा राहतो आणि कॉल आला की त्याला हलवून उठवतो. चार-पाच सेकंद लागतात, तोवर समोरचा कंटाळलेला असतो, ते सोडा. मॉडेम वेगळा असल्याने व्हीओएलटीईही त्याच्या पोटातच होतं.

---

विरारफास्ट
मंगळवार, रात्री ९:३०

बरं, जाहीर कबुली. घरी वनप्लस ६ पडलाय, काच तडकलेली. कपाटातून काढून चार्जिंगला लावला आहे. एवढंच विचारायचं, की त्यात ए आणि बी असे प्रणाली ठेवायचे दोन स्लॉट (कप्पे) आहेत म्हणतात, म्हणजे एकात अँड्रॉइड आणि एकात हे, असं ठेवता येईल का? आणि बोअरिंग प्रश्न: डेटा जाणार ना?

---

मॉडेमवाली
मंगळवार, रात्री १०:१०

बूटलोडर उघडताना डेटा जातोच, फोटो आधी काढून घ्या. स्लॉट दोन असले तरी डेटाचं विभाजन एकच आहे, त्यामुळे सुखाचा संसार दोघांचा एकत्र होत नाही. सुरुवातीला सरळ एकच ठेवा. मॉडेमचं फर्मवेअर फोनच्या स्वतःच्या विभाजनांतूनच उचललं जातं, म्हणून कुठल्याही व्हिडिओत बघून "सगळं पुसून टाका" करू नका. ते गेलं तर नेटवर्क गेलं.

---

अनुस्वार
बुधवार, सकाळी ८:०५

भाच्याच्या फोनवर फाइल चढवली. 'दऱ्या' उत्तम. 'ऱ्' ची कळ पाहून डोळे पाणावले. पण एक तक्रार: टर्मिनलमध्ये 'किल्ली' लिहिलं तर वेलांटी क पासून फुटून भलतीकडे जाते, आणि ल्ल चे दोन तुकडे. तुमच्या फाइलीत झोल आहे का?

---

चर्नीरोड
बुधवार, सकाळी ८:४०

फाइल निर्दोष आहे. टर्मिनल प्रत्येक अक्षराला एकसारखी चौकट देतं, आणि मराठी त्या चौकटीत मावत नाही. मजकूर-संपादकात तोच शब्द उघडून बघा, नीट दिसेल.

---

अनुस्वार
बुधवार, सकाळी ८:५२

दिसला. म्हणजे भाच्याने गिटचे शेरे (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) मराठीत लिहिले तर?

---

चर्नीरोड
बुधवार, सकाळी ८:५५

टर्मिनलमध्ये तुटके दिसतील, साठवलेले मात्र अखंड असतील. मी लिहितो तसेच. आत्ताचा शेवटचा शेरा: "ळ ची कळ दोन मिमी डावीकडे".